मुळीचं पाणी

वडील गेले तेव्हा मी वर्गात होते. गावाकडचा माणूस एसटीनं निरोप घेऊन आला. संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. आई भिंतीला टेकून बसली होती. त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं.

सुटलं म्हणजे तिनं ठरवून सोडलं नव्हतं. ताट समोर ठेवलं की ती भाकरीचा तुकडा मोडायची, कालवणात बुडवायची, तोंडात घालायची आणि बराच वेळ तशीच बसायची. मग उठून परसात जाऊन तो टाकून यायची. "घास फिरतो," एवढंच म्हणायची. तोंडातल्या तोंडात फिरतो, खाली उतरत नाही. बहात्तरच्या दुष्काळाचा तो शेवट होता. सगळा मुलूख भाकरीसाठी खडी फोडत होता आणि आमच्या घरात भाजलेली भाकरी उरत होती. उरलेली भाकरी मी शेजारी देऊन यायची. शेजारीण घ्यायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

आमचं गाव बेंबळीच्या बाजूला. मी तेव्हा उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, मास्तरकीचा कोर्स करत होते. वडील पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. कामावरच त्यांच्या छातीत कळ आली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले आणि मी परत जायचं पुढं ढकलत राहिले. बेंबळीच्या डॉक्टरांनी टॉनिकची बाटली दिली होती. आई ते घ्यायची आणि तेही उलटून पडायचं. तिच्या चोळीच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. आता हीसुद्धा जाणार, असं मला वाटायचं. ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

मग माकणीहून आत्या आली. ती वडिलांची थोरली बहीण. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं आणि कमरेला खुरपं खोचलेलं. आईकडे तिनं दारातूनच एकदा पाहिलं. गाठोडं खाली ठेवायच्या आधी मला म्हणाली, "चल, माळावर जाऊ."

"आत्ताच आलाव तुम्ही. पाणी तर प्या."

"पानी काय पळून चाललंय? चल."

माळ म्हणजे गावाच्या उत्तरेला तलावाचं काम चाललं होतं, त्याच्या वरचा मुरमाड उतार. तिथं दुष्काळात बोरीसुद्धा वाळल्या होत्या. आत्या वाकून चालत होती. एका दगडाच्या कडेला काळपट हिरव्या पानांचा, मध्ये पांढरी रेघ असलेला बारीक वेल तिला दिसला आणि ती खाली बसली. ती उपळसरी. शहरातले वैद्य हिला अनंतमूळ म्हणतात. वेल दोऱ्यासारखा, पण मुळी बघता बघता हातभर निघाली. आत्यानं ती मोडून माझ्या नाकाशी धरली. आधी पावसानं भिजलेल्या मातीचा वास आला, मग चंदनाचा, मग आमच्या कॉलेजातलं बंद कपाट उघडल्यावर जुन्या पुस्तकांचा यायचा तसा. मी तिला तसं सांगितलं.

"पुस्तकाचा वास यायलाय म्हने," आत्या मुळीवरची माती झाडत म्हणाली. "बरंय. तुझी आई पुस्तकं खात असती तर एवढं चालायला लागलं नसतं."

ती काय करणार आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मला भीती वाटली.

मुळीचं पाणी आमच्या घराण्यात पूर्वी करत असत, हे मी ऐकून होते. मोड आणलेली ज्वारी वाळवायची, ती खापरात काळी होईस्तोवर भाजायची, भरडायची, उपळसरीच्या मुळीबरोबर उकळायची. निवल्यावर त्यात गूळ आणि धायटीची वाळलेली फुलं घालून मडक्यात भरायचं आणि तोंड बांधून ते आंबू द्यायचं. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला, ज्याचं अन्नावरचं मन उडालं त्याला दोन घोट द्यायचे. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा आता पुण्यात असतो. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मावशी, ही तर काळी बियर झाली, लोक इथं पैसे मोजून पितात. असेल. आमच्याकडे ते औषध होतं.

पण आंबलेलं होतं. आणि वडिलांनी छप्पन सालानंतर, दीक्षा घेतल्यावर, वस्तीतली दारूची मडकी स्वतःच्या हातानं फोडली होती. आमच्या घरी रोज संध्याकाळी पंचशील म्हटलं जायचं, आणि मद्य पिणार नाही हे त्यातलं पाचवं शील वडील जरा मोठ्यानं म्हणायचे, म्हणजे शेजारी ऐकू जावं. मडकी फुटली त्या दिवसापासून आत्यानंही मुळीचं पाणी केलं नव्हतं. आता भाऊ जाऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच ती गाठोड्यातून मोडाची ज्वारी, गूळ आणि धायटी काढून त्याच्या घरात ते करायला बसली होती.

आई भिंतीपाशी बसून बघत होती. खापरात ज्वारी काळी पडून तिचा जळक्या भाकरीसारखा वास सुटला तेव्हा ती एकच वाक्य बोलली. "आक्का, मी ते पिणार नाही."

"पिऊ नको," आत्या म्हणाली. "आधी हू तर दे."

अडचण पुढं आली. मुळीचं पाणी चांगलं व्हायला घागर धान्याच्या राशीत पुरावी लागते. राशीची ऊब एकसारखी असते, रात्री उतरत नाही. आत्याला दुसरं काही चालत नव्हतं. मी म्हटलं, उकिरड्यात पुरू, तिथंही ऊब असते.

आत्यानं माझ्याकडे वळून बघितलं. "उकिरड्यात दारू पुरतात," ती म्हणाली. "औषध राशीत पुरतात."

पण रास कुठून आणायची? दोन वर्षं खळी ओस पडली होती. आमच्या वस्तीतच काय, मोठ्या शेतकऱ्यांच्या घरातही कणग्या मोकळ्या होत्या. गावात धान्य होतं ते फक्त सोसायटीच्या गोडाऊनमध्ये. तिथं मिलोची पोती येत, लाल दाण्याची, परदेशातून आलेली ज्वारी. फाटक्या पोत्यांतून सांडलेला मिलो झाडून कोपऱ्यात ओढलेला असे. गुडघाभर उंचीची रास झाली होती त्याची.

सोसायटीचे सेक्रेटरी वडिलांचे मित्र होते. ते वरच्या आळीतले, पण तलावाच्या कामावर दोघं दुपारी एकाच लिंबाखाली बसत, आपापली भाकरी फडक्यातून सोडून. मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं, आंबवण्यासकट. ते बराच वेळ पेन्सिलीनं कान खाजवत बसले.

"काका, नाही जमलं तर राहू द्या."

"तसं न्हाय पोरी. उद्या कुणी म्हनलं, सोसायटीच्या धान्यात त्यांची घागर पुरली, तर?"

'त्यांची' म्हणजे कुणाची हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ते खाली बघत होते. मग म्हणाले, "मुकादमानं माझ्या पोराचं नाव हजेरीवर घातलं नसतं तर माझ्या घरात काय शिजलं असतं? आण घागर. मागल्या दारानं आण. आन मला काय म्हाईत न्हाय."

आत्यानं घागर स्वतः नेली. तोंडावर फडकं बांधून वरून कणीक आणि मातीचा लेप दिलेला. राशीत हात खुपसून तिनं ऊब बघितली. "परदेशी हाय," ती म्हणाली. "पन धान्याला काय, निजलं की उबारतंयच." घागर गळ्यापर्यंत पुरली आणि वरून मिलो सारखा केला. आम्ही मागल्या दारानं बाहेर पडलो.

पंधरवडा झाला असेल. श्रावण लागला होता, भुरभुर पडून गेली होती आणि माळावर हिरवी छटा दिसायला लागली होती. घरात मात्र तेच. आई सकाळी पेजेचे दोन घोट घ्यायची, तेही आत्या उभी राहायची म्हणून. मी एकदा तिला म्हटलं, "माझ्यासाठी तरी खा." ती म्हणाली, "तुझ्यासाठीच घालते ना तोंडात." ते खरं होतं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी गोडाऊनचा राखणदार झाडायला आत गेला आणि झाडणी टाकून बाहेर पळाला. कोपऱ्यातल्या राशीत नाग आहे. फूत्कार त्यानं स्वतःच्या कानानं ऐकला. बघता बघता गाव जमलं. चार धीट माणसं दारापर्यंत गेली, त्यांनीही ऐकलं. सूंऽऽ, थांबून परत सूंऽऽ. नागपंचमीच्या तोंडावर, दुष्काळ सरत असताना, धान्याच्या राशीवर नाग. म्हातारी माणसं म्हणाली, राखण करायला आलाय. त्याला काठी लावायची नाही. सेक्रेटरींनी कुलूप लावलं आणि ते घरी जाऊन झोपले, असं नंतर कळलं. त्यांना ठाऊक होतं आत काय आहे ते. पण सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका लाह्या, हळदकुंकू आणि दुधाच्या वाट्या घेऊन गोडाऊनच्या ओट्यावर आल्या. आत्याला बातमी लागली तेव्हा ती दारात बसून दात घासत होती. तिनं राखुंडी थुंकली.

"कुठं म्हनलं? राशीत?"

"व्हय. कोपऱ्यातल्या."

"अगं माय," आत्या म्हणाली आणि उठली. "गळ्यापर्यंत भरली म्या. फुगायला जागाच ठेवली न्हाय."

मी तिच्या मागं पळाले. ओट्यावर गर्दी होती. राखणदार दार किलकिलं करून आत लाह्या फेकत होता. वरच्या आळीतली एक म्हातारी, गावात जिचा शब्द चाले अशी, वाटीतलं दूध उंबऱ्यावर ओतायला वाकली होती. त्या वर्षी दूध कुणाच्या घरात होतं? आत्याला तेच बघवलं नाही असं मला वाटतं. नाहीतर ती लोक पांगायची वाट बघत थांबली असती.

"थांबा, बाई," ती खालूनच म्हणाली. "ते ओतू नका. आत नाग न्हाय. माझी घागर हाय."

सगळ्या बायका वळल्या.

"कसली घागर?"

"औषधाची. भावजय अन्न खाईना झालीय माझी. आंबायला ठेवली व्हती. फुगली. वाफ सोडायलीय."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, आमच्या धान्यात? सेक्रेटरी तेवढ्यात कुठूनसे पुढं आले. त्यांनी टोपी काढून परत घातली. "मीच ठेवू दिली," ते म्हणाले.

चेअरमन तिथंच होते. "सोसायटीत औषध ठेवायचं कुठल्या मीटिंगला ठरलं?"

"पुढल्या मीटिंगला ठरवू."

आत्या तोवर ओट्यावर चढली होती. बायका बाजूला झाल्या, काही नागाला भिऊन, काही आत्याला शिवायला नको म्हणून. ती आत गेली आणि घागर मांडीशी धरून बाहेर आली. लेपाला बारीक चीर गेली होती आणि त्यातून काळा फेस बुडबुडत होता. सूंऽऽ.

"बाई गं," एक तरणी सून म्हणाली, "मी आज पहाटं ह्याच्यासाठी चिरायचं टाळलं. भाजी अख्खीच शिजवली."

"मग आता लाह्या कुणाला वाहायच्या?" दुसरीनं विचारलं.

"पोरं हायेत की एवढी," आत्या म्हणाली. "त्यांना वाहा. ती बी फूत्कार टाकायलीत भुकेनं."

ती म्हातारी अजून वाटी धरून उभी होती. तिनं आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मुकादमाची पोर का तू?" मी हो म्हटलं. तिनं दुधाची वाटी ओट्यावर ठेवली आणि हात मागं घेतला. मी वाटी उचलली. त्या वेळी असंच होतं. पण दूध तिनं दिलं, हेही तेवढंच खरं.

घरी येऊन आत्यानं घागर आईसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. ती सांगायला लागली की हातवारे करायची. राखणदाराचं पळणं, सेक्रेटरींची टोपी, अख्खी शिजवलेली भाजी. आई ऐकत होती. चेअरमनच्या मीटिंगपर्यंत गोष्ट आली तेव्हा आईच्या ओठाची एक कड हलली. मग घागरीनंच आपण होऊन सूंऽऽ केलं. आईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडायली. पण ती हसत होती. हसता हसता मग रडलीही, आणि आत्यानं तिला दोन्ही करू दिलं.

आत्यानं लेप फोडला. पितळी वाटीत ते ओतलं तेव्हा ते भिजल्या काळ्या रानासारखं दिसत होतं आणि वर तपकिरी फेस बसला. आत्यानं वाटी आधी माझ्या हातात दिली. मी घोट घेतला. आधी गुळाची गोडी आली, पण ती थांबली नाही. तिच्या मागून भाजल्या ज्वारीचा कडवटपणा आला, तव्यावर राहून काळ्या पडलेल्या भाकरीच्या कडेसारखा. लहानपणी मी ती कड मुद्दाम मागून खायची. मग जिभेवर बारीक काटे टोचल्यासारखं झालं आणि सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, उपळसरीचा वास वर आला. घशात किंचित ऊब राहिली. त्या दोन वर्षांत मी जे काही खाल्लं-प्यायलं होतं, मिलोची भाकरी, कामावर वाटलेली सुकडी, टँकरचं पाणी, त्या सगळ्याला एकच चव होती. ह्या एका घोटात चार चवी होत्या आणि त्या एकामागून एक, घाई न करता आल्या.

"डोकं हललं का?" आईनं विचारलं.

"न्हाय."

"थोडी तरी असणार त्यात."

"असणार," आत्या म्हणाली. ती खोटं बोलली नाही.

आई भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघत होती. "त्यांनी मडकी फोडली होती. मी शेजारी हात जोडून उभी होते. आता मीच प्यायची?"

"मला सांगतीस व्हय?" आत्या म्हणाली. "त्यातलं एक मडकं माझं व्हतं."

आम्हाला हे ठाऊक नव्हतं.

"मुळीच्या पान्याचं. म्या म्हनलं, बाबा, हे औषध हाय. तो म्हनला, आक्का, ज्याला दारू प्यायची असंल तो उद्यापासून तीच औषध म्हनून पिईल. मग मी कुणाकुणाचं फोडू आन कुणाचं ठेवू?" तिनं घागरीच्या गळ्यावर राहिलेला लेप नखानं खरवडला. "बरोबर व्हतं त्याचं. म्या स्वतः आणून दिलं त्याच्या हातात."

वाटीतला फेस हळूहळू बसत होता. आई जिवंत राहते की नाही, हे आता तिच्या एका हो-नाहीवर आलं होतं आणि आम्ही दोघी तिला हो म्हण असं सांगू शकत नव्हतो.

मग आई उठली. जमिनीला हात टेकून, मग भिंतीला टेकून. ती चुलीपाशी गेली. वडील गेल्यापासून ती चुलीपाशी गेली नव्हती. तिनं काटक्या सारल्या, फुंकर घातली आणि मला म्हणाली, "पातेलं दे." पातेल्यात तिनं वाटी रिकामी केली, घागरीतलं आणखी थोडं ओतलं आणि उकळायला ठेवलं.

आत्या अस्वस्थ झाली. "अगं, सगळं उडून जाईल. मग राहतंय काय त्यात?"

"उडायचं ते उडू द्या, आक्का," आई म्हणाली. "बघू काय राहतंय."

ते रटरटलं. घरभर उपळसरीचा वास भरला. निम्मं आटल्यावर आईनं ते उतरवलं, दुरडीतली मिलोची भाकरी घेतली, त्यात कुस्करली आणि त्यावर म्हातारीनं दिलेलं दूध घातलं. ती फोटोकडे पाठ करून बसली नाही, तोंड करूनही बसली नाही. आडवी बसली. पहिला घास तिनं बराच वेळ चावला. आत्या आणि मी तिच्या गळ्याकडे बघत होतो. तो खाली उतरला.

"कडू आहे," आई म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

ते मुळीमुळं झालं, हसण्यामुळं झालं की चुलीपाशी स्वतः गेल्यामुळं झालं, ह्यावर आत्या आणि मी पुढं कितीतरी वर्षं वाद घातला. आई त्या वादात पडायची नाही. त्या श्रावणात ती रोज एक भाकरी खायला लागली, भादव्यात दोन. मी कॉलेजला परत गेले. रब्बीला पाऊस बरा झाला आणि तलावात गुडघाभर पाणी साठलं. त्या पाण्याला गावातले लोक कितीतरी दिवस मुकादमाचं पाणी म्हणत.

पुढं मुळीचं पाणी आमच्या घरी होतच राहिलं, पण आईच्या पद्धतीनं. आंबवायचं आणि मग उकळायचं. आत्या म्हणायची, हे म्हणजे घोडा विकत घ्यायचा आणि चालत जायचं. तरी करायची. ऐंशीच्या नंतर कधीतरी सेक्रेटरींची बायको आमच्या दारात आली. तिची लेक बाळंत झाली होती, अन्न जात नव्हतं. आई आत जाऊन तांब्या भरून आली आणि सवयीनं तो ओट्यावर ठेवायला वाकली. "ठेवता काय, द्या की हातात," ती बाई म्हणाली. आईनं दिला. ते मी बघितलं. मी तोवर शाळेत शिकवायला लागले होते आणि सुट्टीला घरी आले होते.

आत्या जाऊन खूप वर्षं झाली. आई ह्या उन्हाळ्यात गेली, आणि जायच्या आदल्या दिवशी दुपारी भाकरी खाऊन गेली. ते सगळं लिहायला मला अजून वेळ लागेल. आधी एवढं लिहिलं.

घागर केव्हाच फुटली. तिची झाकणी माझ्याकडे आहे, ती मिठाच्या भांड्यावर असते. परसात कुंपणाला उपळसरीचा एक वेल आहे. मी रोज भाकरी करते आणि खाते.